बंदुकीचा नवा दस्ता

बंदुकीविषयी बोलावयाचे म्हणजे एखादा निवृत्त सुभेदार किंवा जुना शिकारी बोलवावा, ते सोडून एका शाळामास्तरास का पाचारण केले, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. मी आयुष्यात एकदाही बंदूक उडविलेली नाही. ज्याविषयी मी बोलणार आहे तो बंदुकीचा केवळ लाकडी भाग होय. आणि त्या लाकडाचा नाश माझ्याच हातून झाला, एवढाच काय तो माझा अधिकार.

महाड तालुक्यातील तुडील हे माझे गाव. महाडवरून सावित्री पश्चिमेस बाणकोटच्या खाडीकडे जाते, तिच्या काठच्या आमच्या मुलखास खाडीपट्टा म्हणतात. भात पोटरीस आले की रानडुकरे उतरतात आणि एका रात्रीत खाचराचा चिखल करून जातात. म्हणून शेतीच्या रक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगण्याची चाल कोकणात फार जुनी आहे. आमच्या घरी ती माझे चुलते आप्पा यांच्या नावे होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीवाचून डुक्कर मारता येत नाही, तेव्हा अलीकडे ती बहुधा आवाज करण्याच्याच कामी येई. आप्पा माचावर बसून एक मोकळा बार काढीत आणि समाधानाने विडी ओढीत.

गावात सर्वजण तिला रायफल म्हणत. वस्तुतः ती रायफल नव्हे. जिच्या नळीच्या आत मळसूत्रासारखे पन्हळ कोरलेले असतात ती रायफल. त्या पन्हळांमुळे गोळीस फिरकी मिळते व ती सरळ जाते. आमची नळी आतून गुळगुळीत होती. परंतु घाट मात्र हुबेहूब १८५३ च्या एन्फील्ड रायफलीचा. ३९ इंची नळी, तिला लाकडाशी बांधणारी तीन कडी, पितळी टाच. ह्या विसंगतीचे कारण इतिहासात आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी देशी पलटणींच्या हातून पन्हळाच्या रायफली काढून घेतल्या व त्याच घाटाच्या, पण गुळगुळीत नळीच्या बंदुका त्यांना दिल्या. शिपायाच्या हाती बंदूक तर हवी, पण ती गोऱ्या सोजिराच्या बंदुकीइतकी लांब व नेमकी लागता कामा नये, असा तो हिशेब. आमच्या आजोबांनी ती कोणाकडून घेतली ते आप्पांनाही ठाऊक नाही. ज्या तालुक्यातील आंबवडे गावास लोक 'फौजी आंबवडे' म्हणूनच ओळखतात, तेथे एखादी फौजी घाटाची बंदूक शेतकऱ्याच्या घरात आढळावी ह्यात नवल नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०२१ च्या जुलैच्या २२ तारखेस रात्री महाडात सावित्रीचा पूर शिरला, तो आपणांपैकी पुष्कळांस स्मरत असेल. आप्पा त्या वेळी महाडास आपल्या नातवाकडे राहत होते. माणसे माडीवर गेली म्हणून वाचली. बंदूक खालच्या खोलीतील पेटीत होती. पाणी ओसरल्यावर ती चिखलातून बाहेर काढली, तेव्हा तिचा दस्ता ओल्या पावासारखा फुगला होता. (बंदुकीचे सारे लाकडी अंग, म्हणजे खांद्यास टेकणाऱ्या टाचेपासून नळीखाली पुढपर्यंत जाणारे, त्यास दस्ता म्हणतात, कोणी कुंदाही म्हणतात.) आप्पांना आणि बंदुकीला आम्ही तुडीलास आणले. घरात मी शहाणा. लोखंड गंजेल ह्या काळजीने मी ती पुसली, वरून तेल लावले आणि लाकूड लवकर सुकावे म्हणून चार दिवस चुलीजवळ टेकवून ठेवली. पाचव्या दिवशी पहाटे काठी मोडावी तसा आवाज झाला. दस्ता बारीक होतो त्या जागी, ज्यास कारागीर मनगट म्हणतात तेथे, आरपार चीर गेली होती.

असे का झाले, ते मला मागाहून कळले. लाकूड पाण्याने लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र चांगलेच फुगते. आणि सुकताना वरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो. सावकाश, सावलीत, महिना-दीड महिना सुकविले असते तर दोघांचा मेळ राहिला असता. मी वरच्या थरास चुलीची आच दिली. शिवाय मध्ये लोखंड घट्ट बसलेले. आकसणाऱ्या लाकडास सरकण्यास जागाच नव्हती, तेव्हा ते फाटले.

परवान्याचे पुस्तकही पुरात गेले होते. त्याची नवी प्रत हाती येईपर्यंत एक वर्षाहून अधिक काळ लोटला, आणि तोवर ती फाटकी बंदूक आमच्या माजघरात उभी होती. अखेर २०२२ च्या हिवाळ्यात आप्पा, त्यांचा नातू आणि मी, असे तिघे ती पुण्यास घेऊन गेलो. बंदुका दुरुस्त करण्याचा सरकारी परवाना असलेले एक वृद्ध मिस्त्री तेथे आहेत. हे काम परवान्याच्या कारागिराकडेच न्यावे लागते. गावच्या सुताराचा हात कितीही चांगला असला तरी त्याच्यावर हे ओझे टाकू नये.

मिस्त्रींनी चिरेकडे पाहिलेही नाही. त्यांनी प्रथम नळीचे तोंड भिंतीकडे केले, घोड्याखाली टोपी नाही याची खात्री करून घेतली, नळीखालचा गज काढला आणि तो हळूच नळीत सोडला. जेथे तो थांबला तेथे तोंडाशी अंगठा धरून खूण केली. मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. आतून गेलेली लांबी बाहेरच्या मानाने चार बोटे कमी भरली. त्यांनी मान वर केली व विचारले, "मास्तर, ही भरलेली आहे. कोठे ठेवली होती?"

मी म्हणालो, "चुलीजवळ."

ते काही बोलले नाहीत. मलाही बोलवेना. त्या चार दिवसांत नळीचे तोंड ओटीकडे होते आणि ओटीवर माझी नातवंडे पत्ते खेळत होती, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. दारू भिजली होती खरी. पण भिजलेली दारू वाळते, आणि चुलीतून ठिणगी उडते, एवढे शास्त्र मी स्वतः मुलांना शिकविलेले आहे. आप्पांचा चेहरा उतरला. पुराआधी केव्हा तरी बार भरून तो काढावयाचा राहून गेला होता. परतीच्या वाटेवर ते एवढेच म्हणाले, "आता परवाना पोराच्या नावावर करा. माझ्या ध्यानात राहत नाही." अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य आम्ही घरी कोणी उच्चारण्याचे धाडस केले नसते. ज्यांच्या घरी अशी जुनी बंदूक खुंटीवर टांगलेली असेल, त्यांनी ती रिकामी आहे असे कोणी सांगितले म्हणून मानू नये. तीस हात न लावता जाणत्या परवानाधारक कारागिरास बोलावावे.

मिस्त्रींनी तो बार रीतसर काढून नळी निर्धोक केली, तेव्हा कोठे लाकडाचा विचार सुरू झाला. मी विचारले, सरस भरून चीर सांधता येणार नाही काय? ते म्हणाले, शोभेसाठी भिंतीवर टांगायची असेल तर येईल. परंतु बार उडताना नळी मागे ढकलली जाते, तो सारा धक्का मनगटाच्या तोंडाशीच बसतो, आणि ऐन त्या वेळी नेम धरणाराचा गाल तेथून वीतभर अंतरावर असतो. सांधलेल्या हाडावर तो भार देऊ नये.

मी घरून माळ्यावरची एक जुनी शिसवी फळी बरोबर नेली होती. आजोबांच्या काळची, काळीभोर, दगडासारखी. मला तिचा अभिमान होता. मिस्त्रींनी ती हातावर तोलली व बाजूस ठेवली. शिसव सुंदर खरी, परंतु फार जड. एवढ्या लांब दस्त्यास ती वापरली तर रात्रभर माचावर बसणाराचे हात भरून येतील. मग सागाचे नाव निघाले. साग पाण्यास भीत नाही, आकसतही फारसा नाही. पण तो धाग्याच्या बाजूने चटकन चिरतो, त्याच्या अंगच्या तेलामुळे वरचे तेल नीट धरत नाही, आणि त्याच्या अंगी वाळूसारखा कठीण अंश असल्याने पटाशीची धार जाते. फणसाचा प्रश्न मी काढलाच नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रापासून आपल्याकडे आंबा-फणसावर कुऱ्हाड चालविताना माणसाने दहादा विचार करावा अशी शिकवण आहे, आणि आमच्या परसातला फणस अजून फळतो.

शेवटी मिस्त्रींनी जुन्याच दस्त्याचा एक कोपरा तासला. दीडशे वर्षांच्या मळी-तेलाखालून तपकिरी, बारीक रेघांचे लाकूड निघाले. अक्रोड! जगभर बंदुकीच्या दस्त्यास हेच लाकूड नावाजलेले आहे. ते बेताचे जड असते, एकदा मुरले की आपला आकार सोडत नाही, धक्का पचविते, आणि कोरताना कड तुटत नाही. आपल्याकडे ते काश्मिरातून येते. मिस्त्रींजवळ कित्येक वर्षे मुरलेला एक ठोकळा होता. त्यावर खडूने दस्त्याची आकृती काढताना त्यांनी ती तीनदा पुसली. ठोकळ्याच्या एका टोकास मोराच्या पिसासारखी नक्षी होती. ती मनगटात यावी अशी माझी हौस. त्यांनी ती टाचेकडे ढकलली. नक्षी म्हणजे वाकडातिकडा धागा. तो रुंद भागात खुशाल असावा, पण मनगटातून धागा सरळ वाहिलाच पाहिजे.

पुढचे काम पाहण्यासाठी मी पुण्यास बहिणीकडे राहिलो व आठ दिवस त्या दुकानी जाऊन बसलो. आमच्या शाळेत हस्तव्यवसायाचा तास मी घेत असे. त्या तासाची मला मनातून लाज वाटली.

आधी नळीचे पन्हळ. नळी मागे जाड व पुढे निमुळती, तेव्हा पन्हळही तसेच उतरते हवे, आणि नळी बरोबर निम्मी लाकडात बुडली पाहिजे. गोल पटाशीने ढोबळ खोदकाम दोन दिवसांत झाले. खरे काम त्यानंतरचे. मिस्त्रींनी एका पणतीवर काजळ धरले, अगदी आमची आई धरीत असे तसे, ते तेलात कालवले आणि नळीच्या खालच्या अंगास पुसटसे फासले. मग नळी पन्हळात ठेवून हलकेच दाबली व उचलली. जेथे लाकूड उंच होते तेथे काळा ठिपका उमटला. पटाशीने तेवढाच ठिपका कागदाइतका पातळ उचलायचा, पुन्हा नळी ठेवायची. प्रथम चार-पाच ठिपके, मग वीस, मग शंभर. ठिपके वाढत गेले म्हणजे काम साधत चालले. चूक जितकी दिसेल तितकीच काढायची, तीवर रागावून जास्त खरवडायचे नाही. मी चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या, त्या ह्या रीतीने तपासल्या असे मला म्हणता येत नाही. चौथ्या दिवशी सारे पन्हळ एकसारखे करडे झाले. नळी आत गेली तेव्हा लाकडाने तिला ओढून घेतल्याचा भास झाला आणि लोखंड व लाकूड यांच्यामध्ये नख शिरेना.

परंतु सर्वत्र घट्टपणा हाच गुण असतो, असे मानाल तर फसाल. नळीच्या मागे लोखंडाची एक चपटी शेपटी असते. स्क्रू तिच्यातून खाली जातो. तिच्या मागच्या टोकाशी मिस्त्रींनी मुद्दाम केसभर फट सोडली. का, तर बार उडाल्यावर नळी मागे येते. तिचा धक्का नळीच्या रुंद, सपाट बुडाने घ्यावयाचा असतो. शेपटीचे टोक लाकडास टेकले तर ते पाचरीसारखे काम करते व मनगट दुभंगते. जुन्या दस्त्यात ही फट मळीने पार बुजली होती. तेव्हा माझ्या चुलीने जी चीर उघडली, तिची सुरुवात कदाचित माझ्या जन्मापूर्वी झाली असावी. हे ऐकून मला किंचित हलके वाटले, हे कबूल करतो. घोड्याच्या कळीचेही तसेच. तिची पोलादी पट्टी कडेने चपखल बसली पाहिजे, पण आतली कमान लाकडास घासता कामा नये.

आता लांबीचा प्रश्न आला, आणि तेथे सारे अडले. कोपराच्या वळणापासून तर्जनीपर्यंतचे अंतर पाहून, टाचेपासून चापापर्यंत दस्ता किती लांब हवा ते ठरवितात. तो आखूड झाला तर अंगठा नाकावर आदळतो, लांब झाला तर टाच काखेत अडते. ह्यात नाजूकपणा नाही, गरज आहे. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसणाऱ्या 'थ्री-नॉट-थ्री' ली-एन्फील्ड रायफलीचा मागला दस्ता वेगळा काढता येतो. तो अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने लाँग, नॉर्मल, शॉर्ट आणि बँटम अशा चार मापांत बनविला जात असे. सैन्यानेही मानले की शिपाई एका साच्यातून काढता येत नाहीत.

आप्पांचे माप पावणेतेरा इंच. नातू महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे, उंचापुरा, त्याचे चौदा. जुना दस्ता मूळचा चौदाचाच होता. तरुणपणी आप्पांनीच तो सव्वा इंच कापवून घेतला होता, त्याच्या करवतीच्या खुणा पितळी टाचेखाली निघाल्या. नवा दस्ता कोणाच्या मापाचा करावा? परवाना नातवाच्या नावे व्हावयाचा, म्हणजे चौदा, हे उघड होते. पण नवी बंदूक घरी आणून आप्पांच्या हाती द्यावी आणि ती त्यांच्या काखेत अडावी, हे माझ्याने कल्पवेना. मी दूरध्वनीवरून त्यांना विचारले. ते म्हणाले, "पोराच्या मापाने करा. त्यात विचारायचे काय आहे?" पण हे म्हणण्यापूर्वी ते बराच वेळ गप्प होते.

वाट मिस्त्रींनी काढली. बाजूस पडलेली माझी शिसवी फळी त्यांनी उचलली, तिचा सव्वा इंच जाडीचा तुकडा कापला, आणि पावणेतेरा इंची दस्त्याच्या टाचेस तो दोन लांब स्क्रूंनी जोडला. त्यावर पितळी टाच. तुकडा काढला की आप्पांची बंदूक, लावला की नातवाची. एवढाच जडपणा टाचेस चालतो, असे ते म्हणाले.

रंगाविषयी मात्र त्यांनी माझे ऐकले नाही. जुन्यासारखा काळपट रंग द्या, म्हणजे आप्पांना ती आपली वाटेल, असे मी सुचविले. त्यांना राग आला. नव्या लाकडास काळे करून जुन्या बंदुकीचे पैसे घेणारे लोक ह्या धंद्यात आहेत, त्यांच्या पंक्तीस मला बसवू नका, म्हणाले. आणि नळी बसविण्यापूर्वी त्यांनी पन्हळाच्या तळाशी पेन्सिलीने साल लिहिले, २०२३. पुढे कोणी नळी काढील त्यालाच ते दिसेल.

शेवटचे काम आम्ही घरी केले. काचेच्या तुकड्याने दस्ता खरवडून गुळगुळीत केलेला होता. पण ओले फडके फिरविले की लाकडाची लव उभी राहते. ती वाळवून बारीक पॉलिश-कागदाने काढायची, पुन्हा ओले फडके, पुन्हा कागद. तिसऱ्या खेपेस लव उठेनाशी झाली. मग जवसाचे उकळलेले तेल. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणून थेंबभर घेऊन तळव्याने ऊन लागेपर्यंत चोळायचे, उरलेले पुसून टाकायचे आणि दिवसभर टांगून ठेवायचे. जाड थर दिला तर तो गुळासारखा चिकट राहतो. रीत अशी की आठवडाभर रोज एकदा, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच पाण्याने भरलेली; तेव्हा दोन दिवसांनीही हात चिकटत असे, आणि श्रावणात मिस्त्रींच्या सल्ल्याने आम्ही काम थांबविले. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा, असे त्यांनी मला तीनदा बजावले. चुलीची हकीकत त्यांच्या लक्षात होती.

बंदूक घरी आली त्या दिवशी आप्पांनी ती मांडीवर घेतली, वास घेतला, आणि म्हणाले, "फारच गोरी आहे." मग नातवाने शिसवी तुकडा काढून दिला. आप्पा उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले, बंदूक खांद्यास लावली, गाल दस्त्यावर टेकवला आणि मग डोळे उघडले. नेम बसला की नाही हे पाहण्याची हीच जुनी कसोटी आहे: डोळा उघडताच माशी समोर दिसली पाहिजे, मान हलवावी लागता कामा नये. त्यांची मान हलली नाही. हात मात्र कापत होते. त्यांनी बंदूक नातवाकडे दिली व म्हणाले, "लाव तुझा तुकडा."

२०२४ च्या मार्चमध्ये लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि रिवाजाप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. नातू निघाला तेव्हा आप्पा अंगणापर्यंत गेले. ती टाचेवर उभी ठेवा म्हणावे, भिंतीला लावू नका, भिंतीस ओल असते, असे त्याला सांगा म्हणून सांगितले. आणि गज नळीत सोडून त्याने तीस रिकामी पाहिली आहे ना, हे दोनदा विचारले.